सावंतवाडीच्या गंजिफा आणि एक वृद्ध चितारी

पत्त्यांच्या डावात नामस्मरण घडू शकते, असे म्हटले तर आजच्या वाचकांस नवल वाटेल; परंतु आपल्या पूर्वजांनी ही किमया साधली होती. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनास गंजिफा धाडल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आढळते. मोगल दरबारच्या ह्या खेळात आठ रंग व ९६ पाने असत. हिंदू चिताऱ्यांनी त्यास दशावतारी रूप दिले. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येकाचे राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने, एकूण १२०. दिवसा रामाचा राजा ज्याच्या हाती, त्याने प्रथम उतरावे. रात्री तो मान कृष्णाचा.

गोव्याच्या सीमेलगतच्या सावंतवाडीत ही पाने हातांनी घडत. कापडाचे वा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवावयाचे, खडूचा लेप देऊन घोटावयाचे, वाटोळे कापून रंगवावयाचे आणि शेवटी लाखेचा हात द्यावयाचा. पाठी मात्र सर्वांच्या एकसारख्या हव्यात. एका पानावर खूण राहिली तरी डाव बिघडला! छापील बावन्न पत्ते स्वस्तात मिळू लागताच ह्या परिश्रमांस गिऱ्हाईक उरले नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यास ही विद्या सांगू शकणारे पुंडलिक चितारी हे वयोवृद्ध कारागीर तेवढे उरले होते. सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि बडोद्याच्या गायकवाड घराण्यातून आलेल्या सत्त्वशीलादेवी ह्यांनी त्यांच्याकडून ही कला शिकून घेतली. पुढे राजवाड्यातच नव्या चिताऱ्यांच्या हातांस काम मिळाले. पूर्वी राजे कारागिरास आश्रय देत. येथे राजानेच कारागिराचे शिष्यत्व पत्करले. विद्या वाचली ती त्यामुळे.

तथापि अर्धेच कार्य झाले, असे आम्हांस वाटते. आज ही पाने भेटवस्तू म्हणून घरोघरी जातात, दिवाणखान्यात शोभतात. डाव मात्र क्वचितच मांडला जातो. निम्म्या रंगांत दहा मोठा आणि निम्म्यांत एक्का मोठा का, हे खेळल्यावाचून कसे उमगणार? चित्र कारागिराने राखले, खेळ राखणे खेळणाऱ्यांच्याच हाती आहे. ज्यांच्या घरी जुना संच पेटीत पडून असेल, त्यांनी तो काढावा, जाणत्या वडीलधाऱ्यांस सोबत बसवावे आणि पहिले पान उतरावे.