दोन गुंजा कमी

पेशवाईतला रुपया नुसता मोजून कुणी घेत नसे. एक तर रुपया एकच नव्हता. पुण्याचा अंकुशी, आमच्या नाशिकजवळचा होळकरांच्या टांकसाळीतला चांदवडी, मुंबईकडून येणारा सुरती. प्रत्येकाची चांदी वेगळी, वजन वेगळं. एकाच्या बदल्यात दुसरा घ्यायचा तर मधला फरक भरावा लागे. तो बट्टा. आमच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या भाकरी खाल्ली ती या बट्ट्यावर, आणि नाणं हलकं निघणं हे बट्ट्याचं एक मोठं कारण.

ते हलकं होईच. तेव्हाच्या नाण्यापेक्षा ठसा मोठा असे, त्यामुळे निम्मी अक्षरं नाण्याबाहेरच राहत. कड गुळगुळीत. एखाद्याने किनार कातरली तरी काय गेलं ते डोळ्यांना कळत नसे. कुणी कानस फिरवी. कुणी नाणी पिशवीत घालून घुसळत बसे, म्हणजे तळाशी चांदीचा भुगा जमे. आणि सराफ? खऱ्याखोट्याची खूण म्हणून तोही नाण्यावर बारीक ठसा मारी. जुन्या रुपयांवर फुल्या, ठिपके, चंद्रकोरी दिसतात त्या या खुणा. चार पेढ्या फिरून आलेल्या रुपयाचं तोंड देवी आल्यासारखं दिसे. आमच्या धंद्यातल्या लोकांना हे ऐकायला आवडत नाही, पण नाणी खराब करण्यात आमचाही हात होता.

सरकारी खजिन्यात हीच पारख पोतदार करी. तोलायला गुंजा. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. आजोबांच्या पेटीत ताजव्याशेजारी लाल गुंजांची डबी असे आणि आम्हा मुलांना तिला हात लावायची बंदी होती. खेळता खेळता एक गुंज हरवली की हिशेब बिघडणार, असं ते म्हणत. खरं कारण गुंज विषारी असते हे, ते आजीने सांगितलं.

१८३५ मध्ये कंपनी सरकारने आपल्या मुलखात सगळीकडे चालणारा एकच रुपया काढला : वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि कडेला बारीक रेघा. कानस लागली की रेघा पुसल्या जाणार, चोरी उघडी पडणार. बट्ट्याच्या धंद्याला हा मोठाच दणका होता. पण रुपया आणि तोळा एकच झाल्यावर लोकांनी रुपयालाच वजन केलं. शेर ८० तोळ्यांचा, म्हणून एका पारड्यात ८० रुपये. सोनंही रुपयाने तोललं जाऊ लागलं. मग ज्या झिजलेल्या रुपयाला सराफ नाक मुरडी, तोच गल्ल्याखाली जपून ठेवला जाई. सोनं विकताना पारड्यात तो. गिऱ्हाइकाचं घेताना मात्र कोरा करकरीत. आजोबा हे दुसऱ्या पेढ्यांबद्दल सांगत. आमच्या पेढीबद्दल मी विचारलं नाही.

१९०६ च्या कायद्यात हलकेपणाची हद्द लिहिलेली होती. दोन टक्क्यांहून जास्त घट असलेला रुपया देण्याघेण्यात चालणार नाही, आणि नेमलेल्या अधिकाऱ्याला तो कापता येईल. दोन टक्के म्हणजे ३.६ ग्रेन, पुरत्या दोन गुंजाही नाहीत. गंमत अशी की, १८९३ मध्येच सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या होत्या आणि रुपयातली चांदी तेव्हा रुपयाच्या किमतीची उरलीच नव्हती. किंमत होती ती छापाची. तरी तोलणं चालूच.

याच सराफाला रस्त्यावर मात्र हलकेपणा हवासा वाटे. लाख रुपये म्हणजे अकराशे किलोंच्या आसपास चांदी. ती बैलांवर लादून, शिबंदी बरोबर देऊन, पेंढाऱ्यांच्या वाटेवरून कोण नेणार? त्याऐवजी हुंडी. कागदाचा चिटोरा अंगरख्यात, आणि ठरल्या गावी पेढीवर पैसे तयार. सराफाला हुंडणावळ सुटे. नाणं एका गुंजेने कमी भरलं म्हणून वाद घालणारा माणूस वजन नसलेल्या कागदावर हजारो रुपये सोडून देई, कारण कागदावरची सही त्याच्या ओळखीची असे. मला तरी सराफीची खरी अक्कल ताजव्यापेक्षा या ओळखीत दिसते.

पुढे तर नाशिकरोडलाच सरकारचा छापखाना आला आणि १९२८ पासून तिथे नोटा निघू लागल्या. १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आली. १९४७ मध्ये निकेलचा रुपया निघाला, वजन तेच ११.६६ ग्रॅम आणि चांदी शून्य. १९६४ चा सहा कोनी तीन पैसा सव्वा ग्रॅमच्या आसपास भरे. आजचा नवा रुपया तीन ग्रॅमच्या आसपास आहे आणि तो कुणी तोलत नाही.

धनत्रयोदशीला मात्र लक्ष्मीपूजनासाठी राणीछाप रुपया मागायला लोक येतात. राणीचा चेहरा ठसठशीत असेल तर भाव चढा. नाक-डोळे झिजलेले असतील तर काट्यावर ठेवून, भरेल तेवढ्या चांदीचे पैसे. काटा आता विजेचा, काचेच्या पेटीतला. पंख्याच्या वाऱ्यानेसुद्धा आकडा हलतो म्हणून माझा भाऊ पंखा बंद करतो, आणि गिऱ्हाईक घाम पुसत विचारतं, "एवढा जुना रुपया, त्याला कसली घट लावता?"