डिलीट नाही, डेप्रिकेट!

फ्रेंच शिकताना सब्जंक्टिव्हचा सगळ्यांनाच धसका असतो. आपण 'त्याने यावं' म्हणतो ना, त्यातल्या 'यावं'चं काम ते करतं. वर्तमानकाळात रूप बनवणं तसं सोप्पंय: 'ते' या कर्त्याचं रूप घ्या, शेवटची ई-एन-टी काढा, नवे प्रत्यय लावा. झालं! थोडे अपवाद आहेत, ते सरळ पाठ करायचे.

खरी डोकेदुखी भूतकाळी सब्जंक्टिव्हची. लॅटिन 'अमाविस्सेम' झिजून फ्रेंच 'एमास' झालं. 'आम्ही बोलावं' यासाठी तर चक्क 'पार्लासियों'! बोलण्यातून लोकांनी ते हळूहळू टाकूनच दिलं, पण परीक्षेत मात्र ती चूकच.

शेवटी २६ फेब्रुवारी १९०१ ला शिक्षणमंत्री जॉर्ज लेग यांनी आदेश काढला. 'त्याने यायला हवं होतं' छापाच्या संकेतार्थी वाक्यांत वर्तमानकाळी रूप वापरलं, तर सरकारी परीक्षांत ती चूक धरायची नाही.

गंमत म्हणजे जुनं रूप रद्द केलंच नाही. आमच्या भाषेत, डिलीट नाही, डेप्रिकेट केलं. त्यामुळे जुनी पुस्तकं चूक ठरली नाहीत आणि पोरांचे मार्कही वाचले. नियम बदलावा तर असा, नाही का?