चिलट

आमच्या विश्रांतवाडीच्या सोसायटीत नावाप्रमाणे विश्रांती घेणारी माणसं मुबलक आहेत. लोहगावचा विमानतळ जवळ, त्यामुळे हवाई दलातून निवृत्त झालेली बरीच मंडळी इथंच घरं घेऊन राहिली. ज्या आवाजानं जन्मभर कान किटले, तो आवाज म्हातारपणी ऐकू आला नाही तर म्हणे त्यांना झोप लागत नाही. मी बँकेतला माणूस. नोटा मोजल्याचा आवाज कानी न पडताही मला उत्तम झोप लागते. पण संध्याकाळी बाकावर बसायला गेलो की कान त्यांच्याकडे द्यावेच लागतात.

त्या बाकावर दोन माणसं हटकून असतात. एक विंग कमांडरसाहेब आणि दुसरे अण्णा. साहेब विमान उडवायचे, अण्णा त्याच विमानाच्या तोफा सांभाळायचे. तोफा सांभाळणाऱ्याला हवाई दलात 'आर्मरर' म्हणतात, हे मला अण्णांनी तीन वेळा सांगितलं आहे, कारण मी तीन वेळा त्यांना 'मेकॅनिक' म्हणालो. दोघांच्याही आयुष्यात विमान एकच. बाकी सगळी नुसती वाहनं. त्या विमानाचं नाव नॅट.

नॅट म्हणजे चिलट. लढाऊ विमानाला वाघ, गरुड, निदान गांधीलमाशी तरी म्हणावं की नाही? पण इंग्लंडातल्या फॉलंड कंपनीनं त्याआधी जे विमान केलं होतं त्याचं नाव होतं मिज. म्हणजे तेही चिलटच, जरा वेगळ्या जातीचं. ही सगळी कल्पना टेडी पेटर नावाच्या इंजिनिअरची. कॅनबेरा बॉम्बर विमानाचा आराखडा त्यांचाच. लढाऊ जेट विमानं वर्षागणिक सुटत आणि महागत चालली आहेत, हे काही त्यांना पटेना. त्यांनी सडपातळ विमान करायला घेतलं, आणि १९५५ साली नॅट उडालं.

पंखांची रुंदी या टोकापासून त्या टोकापर्यंत २२ फूट. आमचा हॉल आणि स्वयंपाकघर मिळून २२ फूट भरतं, मी टेप लावून पाहिलं. ('आता काय बदलायचं काढलंत?' असा आतून प्रश्न आला. विमान म्हटल्यावर पुढे काही विचारलं गेलं नाही.) नाकापासून शेपटीपर्यंत २९ फुटांच्या आत, म्हणजे एसटीच्या गाडीपेक्षा आखूड. रिकाम्या विमानाचं वजन साधारण सव्वादोन टन.

इंग्रजांनी हे विमान लढाईसाठी घेतलंच नाही. शिकाऊ वैमानिकांना दिलं, आणि त्यांच्या रेड ॲरोज पथकानं १९६५ ते १९७९ पर्यंत त्याच्यावर कसरती केल्या. फिनलंडनं डझनभर घेतली. आपण मात्र १९५६ साली करार करून बंगळूरला ती बांधायलाच घेतली. पेटरसाहेब पुढं विमानांचा धंदाच सोडून स्वित्झर्लंडमध्ये एका धार्मिक समुदायात जाऊन राहिले. अण्णांच्या मते त्यांच्यावर नॅट दुरुस्त करायची पाळी आली असावी.

"बाहेरून बघाल तर लेकरू," अण्णा सांगतात. "शिडी लागायची नाही, जमिनीवर उभं राहून हात पोचायचा. पण आत? बहिणीनं सासरी जाताना भरलेली ट्रंक! एक वस्तू काढायला चार काढाव्या लागायच्या, आणि झाकण लावताना पाचवी हातात उरायची."

"उरायची?" साहेब दचकतात. पन्नास वर्षांनी दचकून काय उपयोग?

शेपटीची गोष्ट मात्र दोघंही हसून सांगत नाहीत. नॅटची आडवी शेपटी हायड्रॉलिकच्या जोरावर हलायची, आणि ती यंत्रणा लहरी होती. त्या लहरीपायी चांगली चांगली पोरं गेली. हा विषय निघाला की दोघं थोडा वेळ फाटकाकडे बघत बसतात आणि मग कुणीतरी चहाचं काढतं.

युद्धाच्या गोष्टी साहेबांच्या वाट्याच्या. ३ सप्टेंबर १९६५ रोजी ट्रेव्हर कीलर यांनी पाकिस्तानचं सेबर जेट मारलं, आणि वर्तमानपत्रांत चिलट एकदम सेबरांचा कर्दनकाळ झालं. पाकिस्तानी मात्र सांगतात की ते सेबर फाटक्या अंगानं का होईना, घरी परतलं. साहेबांना हे मान्य नाही. अण्णा म्हणतात, "परत गेलं असलं तर त्यांच्या फिटरला शाबासकी द्या की!" त्याच दिवशी आपलं एक नॅट पाकिस्तानात पसरूरच्या धावपट्टीवर उतरलं. ते आता कराचीच्या संग्रहालयात उभं आहे. अण्णांना काळजी एवढीच, की त्याच्या टायरांत कुणी हवा भरतं की नाही.

मग १९७१. २२ नोव्हेंबरला, युद्ध रीतसर जाहीर व्हायच्या आधीच, कलकत्त्याच्या डमडमवरून चार नॅट उठली आणि बोयऱ्यावर त्यांनी दोन सेबर पाडली. १४ डिसेंबरला श्रीनगरवर सहा सेबर आली. हल्ला चालू असतानाच निर्मलजित सिंग सेखों नॅट घेऊन वर गेले आणि परत आले नाहीत. हवाई दलाचं एकमेव परमवीर चक्र त्यांचं. हे सांगताना साहेबांचा आवाज खाली येतो, आणि त्यांच्या जागेवर कुणी बसलेलं असलं तरी ते त्याला उठवत नाहीत.

परवाच्या संध्याकाळी सोसायटीतली दोन-चार कॉलेजची पोरं बाकाभोवती जमली. साहेबांना चेव आला. नॅटच्या तोफा अडकायच्या कशा, हे ते सांगू लागले. हे खोटं नाही. ३० मिलिमीटरच्या दोन तोफा, प्रत्येकीला ११५ गोळे, बोट दाबून धरलं तर पाच-सहा सेकंदांत खेळ खलास. त्यातून दोन्ही युद्धांत त्या ऐन वेळी रुसल्याच्या नोंदी आहेत.

"मी १९७० साली नेमबाजीच्या सरावाला गेलो," साहेब रंगात आले. "निशाण समोर, बोट दाबलं, आणि दोन्ही गन ठप्प! खाली येऊन लिहून दिलं, दोन्ही गन जॅम. आमच्या अण्णांची काय धांदल उडाली म्हणता!"

पोरं हसली. अण्णा हसले नाहीत.

"साहेब, रात्रभर दोन्ही गन खोलल्या मी," ते म्हणाले. "एक स्प्रिंगसुद्धा वाकलेली नव्हती. सकाळी चालवल्या तर सुरळीत चालल्या. तरी हलगर्जीपणाचा शेरा बसला आणि रजा रद्द झाली. बहिणीचं लग्न होतं कराडला."

साहेब काही बोलेनात. वातावरण हलकं करावं म्हणून मी बोयऱ्याची गोष्ट पुढं रेटली. तिथं पकडलेला परवेझ मेहदी कुरेशी हा वैमानिक १९९७ साली पाकिस्तानी हवाई दलाचा प्रमुख झाला, तेव्हा त्या लढाईतल्या आपल्या डोनाल्ड लाझारस यांनी त्याला अभिनंदनाचं पत्र पाठवलं, आणि त्याचं उत्तरही आलं.

"बघा," अण्णा म्हणाले. "विमान पाडलं त्याला पत्र जातं. विमान पुसलं त्याला नाही."

माझ्या तोंडून गोष्टी नेहमी चुकीच्या वेळीच निघतात.

पोरं पांगली. मीही उठणार, तेवढ्यात साहेब जमिनीकडे बघत म्हणाले, "अण्णा, गन जॅम झाल्या नव्हत्या. मी मास्टर स्विचच लावला नव्हता. परत येताना ध्यानात आलं."

उतरायच्या आधी तो स्विच बंद करायचाच असतो, असं अण्णांनी मला नंतर समजावलं. त्यामुळे खाली आल्यावर तो बंद दिसला तर त्यावरून काहीच कळत नाही. ती गोष्ट जगात एकट्या साहेबांना ठाऊक होती.

"तेवीस वर्षांचा होतो," साहेब म्हणाले. "स्क्वाड्रनमध्ये नवा. हसं झालं असतं."

अण्णा बराच वेळ गप्प होते. मी आपला पायातली चप्पल काढून पुन्हा घातली.

"जिलेबी होती म्हणे लग्नात," शेवटी ते म्हणाले.

"बहीण असते कुठं हल्ली?"

"कराडलाच."

"मला नेशील? तिला सांगायला हवं."

साहेब अण्णांना 'तुम्ही' म्हणत आलेत, निदान मी ऐकतो तेव्हापासून. त्या संध्याकाळी तेवढं एकदा 'तू' निघालं, आणि अण्णांनी ते चालवून घेतलं.

रविवारी सकाळी मी दोघांना सोडायला स्वारगेटला गेलो. साहेबांच्या हातात चितळ्यांच्या बाकरवडीचा पुडा होता, अण्णांकडे काहीच नव्हतं. साहेब गाडीत चढून खिडकीशी बसले. अण्णा मात्र चढेनात. त्यांनी गाडीला एक फेरी घातली, पुढच्या टायरला पायानं दाबून पाहिलं, मागं जाऊन वाकून खाली बघितलं. कंडक्टर ओरडू लागला. साहेब खिडकीतून त्यांच्याकडेच बघत होते.

अण्णांनी अंगठा वर केला. साहेबांनीही केला. मग अण्णा गाडीत चढले.