सभा विसर्जित झाली, म्हणजे काय झाले?

मराठी माणूस दुकान 'बंद' करीत नाही, 'वाढवितो'. शेवटाचा उच्चार टाळण्याचा हा संकोच भाषेत असला, तरी बैठक नेमकी कोणत्या क्षणी संपली हे ठरविण्याची रीत आपल्याकडे पूर्वापार आहे. साताऱ्याच्या छत्रपतींचा दरबार असो वा सांगलीच्या पटवर्धनांचा, पानसुपारी व अत्तरगुलाब झाले की दरबार संपला, असे सर्वजण समजत. 'बरखास्त' हा फारसी शब्दच मुळी 'उठले' या अर्थाचा. राजा उठला की सभा उठली. १८४८ साली आप्पासाहेब महाराजांच्या निधनानंतर सातारचे राज्य खालसा झाले. सांगली संस्थान १९४८ साली विलीन झाले. या शंभर वर्षांत दरबाराची जागा सभेने घेतली. १८९९ साली दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली, तोवर सूचना, अनुमोदन, ठराव हे शब्द सुशिक्षितांच्या अंगवळणी पडू लागले होते. पण सभेचा अध्यक्ष हा राजा नव्हे, तो उठल्याने सभा आपोआप उठत नाही, हे उमजण्यास बराच काळ जावा लागला. त्याची जबर किंमत देशाने एकदा मोजली आहे.

ती घटना १९०७ सालच्या सुरत काँग्रेसची. अधिवेशन आधी नागपूरला व्हावयाचे होते. जहाल-मवाळांच्या वादामुळे ते सुरतेस नेण्यात आले. २६ डिसेंबर रोजी डॉ. रासबिहारी घोष यांचे नाव अध्यक्षपदासाठी सुचविले गेले. सुरेंद्रनाथ बॅनर्जी अनुमोदन देण्यास उभे राहताच गोंधळ झाला व त्या दिवसापुरती सभा तहकूब झाली. दुसऱ्या दिवशी कामकाज सुरू होण्यापूर्वी लोकमान्य टिळकांनी स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास माळवी यांच्याकडे चिठ्ठी पाठविली. अनुमोदन झाल्यावर आपणास बोलावयाचे असून, तडजोडीच्या सूचनेसह सभा तहकुबीचा प्रस्ताव मांडावयाचा आहे, असा तिचा आशय होता. स्मरणचिठ्ठीही गेली. उत्तर आले नाही.

अनुमोदन झाले, घोष आसनस्थ झाले, आणि टिळक व्यासपीठावर चढले. घोष यांची निवड झालेली आहे, आता तहकुबीची सूचना नियमबाह्य आहे, असे माळवी व घोष या दोघांनीही सांगितले. निवड विधिवत झालेलीच नाही, असे टिळकांचे म्हणणे. ते हाताची घडी घालून उभे राहिले. मंडपातून एक दक्षिणी जोडा भिरकावला गेला. तो सुरेंद्रनाथांस व फिरोजशहा मेहतांस लागला. काठ्या, खुर्च्या यांचा मारा सुरू झाला. टिळकांच्या अंगावर कोणी जाऊ नये म्हणून त्यांचे प्रतिस्पर्धी गोखले हात पसरून आडवे उभे राहिले, ही नोंद इंग्रज पत्रकार नेव्हिन्सन यांनी केली आहे. त्या दिवसाचे तेवढे एकच चित्र आठवावेसे वाटते. अध्यक्षांनी अधिवेशन बेमुदत तहकूब केले व पोलिसांनी मंडप रिकामा केला.

नियमाने पाहिले तर दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य होते. निवड होऊन गेल्यावर निवडीवरील चर्चा पुन्हा उघडता येत नाही, हे खरे. परंतु ज्याने वेळेत लेखी सूचना दिली, त्याला होकार किंवा नकार कळविणे हे सभा चालविणाऱ्याचे कर्तव्य होते. एका ओळीच्या उत्तराचा तो प्रश्न होता. पुढे १९०८ च्या एप्रिलमध्ये अलाहाबादेस मवाळांनी काँग्रेसची घटना व नियम तयार केले. त्याच वर्षी टिळकांस सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेस गेले. दुभंगलेली काँग्रेस एकत्र आली ती १९१६ साली, लखनौस. सुरतेचे अधिवेशन पुरे झालेच नाही, म्हणून १९०८ च्या मद्रास अधिवेशनासही तेविसावा हाच क्रमांक देण्यात आला.

अध्यक्षाने मनात येईल तेव्हा सभा गुंडाळावी काय, या प्रश्नाचे उत्तर इंग्लंडच्या न्यायालयाने त्यापूर्वीच, १८९४ साली, 'नॅशनल ड्वेलिंग्ज सोसायटी विरुद्ध साइक्स' या खटल्यात दिले होते. काम शिल्लक असता अध्यक्ष स्वतःच्या मर्जीने सभा मोडून निघून गेला, तर सभासदांना दुसरा अध्यक्ष निवडून तीच सभा पुढे चालविता येते. साखर कारखान्यांच्या वार्षिक सभांत 'मंजूर, मंजूर' आणि 'नामंजूर'च्या घोषणांत पाच मिनिटांत विषयपत्रिका संपते, राष्ट्रगीत सुरू होते आणि बाहेर विरोधकांची समांतर सभा भरते, हे दृश्य सातारा-सांगलीकरांस नवे नाही. मात्र बाहेर भरलेली ती निराळी सभा, मूळ सभेचा पुढचा भाग नव्हे. हा भेद समांतर सभा घेणारे बहुधा विसरतात.

तहकूब सभा ही मूळ सभाच असते. तिच्यात उरलेलेच काम घ्यावयाचे, नवा विषय नाही. गणसंख्या अर्ध्या तासात न जमल्यास कंपनीची सभा पुढील आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी, त्याच ठिकाणी भरते. आपल्या संस्थांच्या सूचनापत्रात मात्र 'अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी' असे छापलेले असते, तो त्या त्या उपविधींचा भाग होय. विधानसभेतही अध्यक्ष बैठक तहकूब करतात, पण सत्र संस्थगित करण्याचा अधिकार राज्यपालांचा. त्यामुळे प्रलंबित विधेयक रद्द होत नाही.

हा काथ्याकूट कशासाठी, असे कोणी विचारील. १९५६ च्या कंपनी कायद्यात लेखापरीक्षकाची मुदत एका वार्षिक सभेच्या समाप्तीपासून पुढील वार्षिक सभेच्या समाप्तीपर्यंत असे, तारखेपर्यंत नव्हे. सभा तहकूब राहिली तर तो पदावर राहणार, समाप्त झाली तर नवा येणार. इतिवृत्त नोंदविण्याची ३० दिवसांची मुदतही समाप्तीपासूनच मोजली जाते. २०१३ च्या कायद्यातही ती तशीच आहे. म्हणून जुन्या संस्थांच्या इतिवृत्तांत सभेच्या शेवटी 'अध्यक्षांचे आभार मानून सभा विसर्जित करण्यात आली' हे वाक्य वेळेसह लिहिलेले आढळते. त्याखालची अध्यक्षांची सही बहुधा पुढच्या सभेत, इतिवृत्त वाचून कायम झाल्यावर होते.