‘सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’

परीक्षांच्या दिवसांत महाविद्यालयाच्या कार्यालयात जे अर्ज येतात, त्यांत लेखनिकाच्या परवानगीसाठी केलेले अर्ज मोजकेच असतात. काही वर्षांपूर्वी एका अंध विद्यार्थ्याच्या अशाच अर्जावर आम्ही सवयीने शिफारस लिहिली : ‘सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.’ विद्यार्थ्याने मित्राकडून अर्ज वाचून घेतला आणि तो परत आमच्या टेबलाशी आला. म्हणाला, “सर, तेवढी सहानुभूती काढता येईल का? नियमात जे आहे तेवढंच लिहा.” आम्ही ते वाक्य खोडले. पण आयुष्यभर मराठी शिकवणाऱ्यांना शब्दाचे वजन एका विद्यार्थ्याने दाखवून द्यावे, हे मात्र मनातून खोडता आले नाही. ‘सवलत’, ‘शिफारस’, ‘सहानुभूती’ ही आपल्या कार्यालयांची भाषा. तिच्यात देणारा मोठा असतो आणि घेणारा उपकृत. ‘हक्क’ आणि ‘तक्रार’ हे शब्द या भाषेत उशिरा आले. ते कसे आले, याचा इतिहास विद्यापीठांतच पाहता येतो. प्रस्तुत लेखात त्याचे काही टप्पे मांडण्याचा प्रयत्न आहे.

पहिला टप्पा आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. फक्त तो आपण या दृष्टीने वाचलेला नसतो. हेलन केलर यांनी १८९९ च्या जून महिन्यात रॅडक्लिफ महाविद्यालयाच्या प्रवेशाची अंतिम परीक्षा दिली. दोन वर्षांपूर्वीच्या प्राथमिक परीक्षेत त्यांच्या शाळेच्या प्राचार्यांनी प्रश्न त्यांच्या तळहातावर बोटांच्या लिपीने उमटवले होते. या खेपेस मात्र अॅन सलिव्हन यांना प्रश्नपत्रिका वाचून दाखवण्याची परवानगी नाकारण्यात आली. प्रश्नपत्रिका अमेरिकन ब्रेलमध्ये उतरवून देण्यासाठी एक अपरिचित शिक्षक नेमले गेले. भाषाविषयांत अडचण आली नाही. बीजगणितात आली, कारण केलर यांचा त्या विषयाचा अभ्यास इंग्लिश ब्रेलमध्ये झाला होता आणि दोन्ही पद्धतींतील गणिती चिन्हे वेगळी होती. परीक्षा दोन दिवसांवर आली असताना त्यांना हे कळले आणि नवी चिन्हे त्यांनी घाईघाईने शिकून घेतली. त्या उत्तीर्ण झाल्या. १९०४ मध्ये सन्मानपूर्वक पदवीधरही झाल्या.

आत्मचरित्रात केलर यांनी या प्रसंगाबद्दल कोणालाही दोष दिलेला नाही. आपली वाट किती अवघड करून ठेवली आहे हे त्या मंडळींच्या लक्षात आले नसावे, आणि ती अवघड वाट आपण पार केली याचे समाधान आपल्याला आहे, असा त्यांचा सूर आहे. आपण हा भाग वर्गात शिकवतो तो जिद्दीचा आदर्श म्हणून. परंतु हाच मजकूर परीक्षा-व्यवस्थेचा दस्तऐवज म्हणून वाचला तर काय दिसते? चूक व्यवस्थेची होती. ती दुरुस्त करण्याचे काम विद्यार्थिनीने एका रात्रीत केले. आणि जिच्याकडे तक्रार करावी अशी जागाच नसल्यामुळे तक्रारीच्या ठिकाणी समाधान उरले. जिद्दीच्या कथांमध्ये अन्याय असा पार्श्वभूमीत विरून जातो.

दुसरा टप्पा सहा दशकांनंतरचा. पोलिओमुळे मानेखालचे शरीर जवळजवळ निकामी झालेले एड रॉबर्ट्स १९६२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील परिसरात दाखल झाले. त्यांच्या श्वसनयंत्राचा बोजा पेलणारी खोली कुठल्याच वसतिगृहात नव्हती; म्हणून विद्यापीठाच्या रुग्णालयात त्यांची राहण्याची व्यवस्था झाली. राज्याच्या पुनर्वसन खात्याने ‘हा मुलगा पुढे नोकरी करू शकणार नाही’ असे कारण देऊन आधी मदत नाकारली होती. पुढे त्याच खात्याच्या संचालकपदी १९७५ मध्ये रॉबर्ट्स यांची नियुक्ती झाली. आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट मात्र मधल्या काळात घडली. रॉबर्ट्स एकटे राहिले नाहीत. त्याच रुग्णालयात राहणाऱ्या अपंग विद्यार्थ्यांचा गट तयार झाला आणि १९७० मध्ये अपंग विद्यार्थ्यांसाठी त्यांनी स्वतःच चालवलेला कार्यक्रम विद्यापीठात सुरू झाला. केलर यांच्यापाशी एक निष्ठावंत शिक्षिका होती. येथे प्रथमच एक व्यवस्था उभी राहू लागली.

या व्यवस्थेला कायद्याचा आधार मिळाला तो १९७३ च्या पुनर्वसन कायद्यातील कलम ५०४ मुळे. केंद्र शासनाचे अनुदान घेणाऱ्या कोणत्याही उपक्रमात अपंगत्वाच्या कारणावरून भेदभाव करता येणार नाही, असे हे कलम सांगते. त्याची शब्दयोजना १९६४ च्या नागरी हक्क कायद्यावरून घेतलेली होती. परंतु कलम होऊनही नियम निघेनात. अखेर ५ एप्रिल १९७७ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील शासकीय इमारतीत अपंग कार्यकर्त्यांनी ठिय्या दिला. तो तीन आठवड्यांहून अधिक काळ चालला आणि २८ एप्रिलला नियमांवर स्वाक्षरी झाली. या नियमांतील दोन बाबी शिक्षकांनी लक्षात घेण्याजोग्या आहेत. विद्यार्थ्याला वर्गात टेपरेकॉर्डर वापरण्यास मनाई करता येणार नाही, ही एक. आणि पंधरा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थेने जबाबदार अधिकारी नेमून तक्रार ऐकण्याची रीतसर पद्धत ठरवली पाहिजे, ही दुसरी. भेदभावास बंदी घालणाऱ्या वाक्याला तक्रारीचे दार जोडले गेले, तेव्हा कुठे ते वाक्य वापरात आले.

तिसरा टप्पा साहित्याच्या अभ्यासकांना विशेष रस वाटावा असा आहे. कारण त्यात एक काल्पनिक पात्र आहे. बोस्टन विद्यापीठाचे तत्कालीन प्रोव्होस्ट जॉन वेस्टलिंग यांनी १९९५ मध्ये एका भाषणात समंथा नावाच्या विद्यार्थिनीची हकिकत सांगितली. ती त्यांच्याकडे एक पत्र घेऊन आली म्हणे. पत्रात लिहिले होते की, तिला अध्ययन-अक्षमता आहे. तिला टिपणे, पुढची जागा, जादा वेळ आणि परीक्षेला स्वतंत्र खोली द्यावी. शिवाय तिला वर्गात झोप लागू शकते, तेव्हा बुडालेला भाग तिला नंतर समजावून सांगावा! हकिकत रंगतदार होती. पुढे वेस्टलिंग विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. दरम्यान अध्ययन-अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांसाठी नियम कडक झाले : दर तीन वर्षांनी पुन्हा तपासणी, ठरावीक पात्रतेच्याच तज्ज्ञाचा दाखला आणि परकीय भाषेच्या सक्तीऐवजी दुसरा विषय घेण्यास नकार. १९९६ मध्ये विद्यार्थी न्यायालयात गेले. तेथे वेस्टलिंग यांना मान्य करावे लागले की समंथा अस्तित्वातच नव्हती. ती त्यांनी रचली होती.

न्यायाधीश पॅटी सॅरिस यांनी ऑगस्ट १९९७ मध्ये निकाल दिला. फेरतपासणीची आणि तज्ज्ञांच्या पात्रतेची मूळ अट भेदभाव करणारी ठरली. सहा विद्यार्थ्यांना मिळून सुमारे ३० हजार डॉलर भरपाई मिळाली. भाषाविषयाबाबतचा निर्णय मात्र अधिक बारकाईचा होता. परकीय भाषा सक्तीची ठेवायची की नाही, हे न्यायालयाने स्वतः ठरवले नाही. ती अट पदवीचा गाभा आहे की नाही, याचा प्राध्यापकांनी पर्यायांसह गांभीर्याने विचार करावा, एवढेच सांगितले. कारण पूर्वीचा नकार विचारान्ती नव्हे, तर अशा कल्पित प्रतिमांच्या आधारे दिला गेला होता. प्राध्यापकांची समिती बसली. अनुवादाच्या मध्यस्थीवाचून परकी संस्कृती अनुभवता येणे हा या पदवीचा गाभाच आहे, असा तिचा निष्कर्ष निघाला आणि १९९८ मध्ये न्यायालयाने तो मान्य केला. म्हणजे या मुद्द्यावर विद्यार्थी हरले. तथापि आम्हांला यात पराभव दिसत नाही. ‘नाही’ म्हणण्यापूर्वी विचार करणे आणि तो विचार मांडून दाखवणे संस्थेला भाग पडले. हे काम तक्रारीने केले.

आपल्याकडे १९९५ चा कायदा आला. त्याने शिक्षणसंस्थांत किमान ३ टक्के जागा राखल्या. भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अपंगहक्क-करारास मान्यता दिली आणि त्यानुसार २०१६ चा कायदा झाला. तो एप्रिल २०१७ पासून लागू आहे. यात वाजवी सोयी नाकारणे हाच भेदभाव मानला आहे. शासकीय आस्थापनांनी तक्रार-निवारण अधिकारी नेमावा, तक्रारींची नोंदवही ठेवावी आणि नोंदीपासून दोन आठवड्यांत चौकशी करावी, असेही त्यात आहे. लिहिताना हाताचे स्नायू आखडणाऱ्या एका उमेदवाराला लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत लेखनिक नाकारला गेला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये स्पष्ट केले की ४० टक्क्यांची अट लेखनिक मिळण्याच्या आड येऊ शकत नाही.

त्याच वर्षीचा दुसरा निकाल आम्हांला अधिक अस्वस्थ करतो. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत लेखन-अक्षमता असलेल्या एका विद्यार्थिनीला नियमाने एक तास जादा मिळायचा होता. केंद्रावर तिची उत्तरपत्रिका तीन तासांनीच काढून घेण्यात आली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले. नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने तिच्यावर अन्याय झाल्याचे मान्य केले, पण फेरपरीक्षेचा आदेश दिला नाही. या अन्यायाची भरपाई कशी करता येईल याचा परीक्षासंस्थेने आठवडाभरात विचार करावा, असे सांगितले. कायदा होता, नियम होता, दाखला होता. तरी त्या दिवशी त्या खोलीत निर्णय पर्यवेक्षकाच्या हातात होता. आणि पर्यवेक्षक म्हणजे आपणच असतो.

म्हणून समंथाची गोष्ट आम्हांला परकी वाटत नाही. प्राध्यापक-कक्षात चहाच्या वेळी ‘हल्ली कोणीही दाखला आणतो’ अशी सुरुवात होते आणि कोणाच्या तरी महाविद्यालयातल्या कोणा एका मुलाची हकिकत निघते. त्या मुलाचे नाव कोणाला ठाऊक नसते. कल्पित पात्राची ताकद साहित्याच्या शिक्षकांना सांगावी लागू नये; ते पात्र पुढच्या खऱ्या विद्यार्थ्याच्या आधी वर्गात येऊन बसलेले असते. खोटे दाखले असतात, हेही खरे. पण त्यांची तपासणी कागदावर व कारणांसह व्हावी, किश्श्यांवर नव्हे; बोस्टनचा धडा हाच आहे.

असो. त्या विद्यार्थ्याच्या अर्जावर खोडलेल्या ओळीच्या खाली आम्ही नव्याने लिहिले : विषय, दिनांक, तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेस एक तास जादा, स्वतंत्र खोली, लेखनिकासह. आणि शेवटी एक ओळ : परवानगी नाकारावयाची झाल्यास कारण अर्जदारास लेखी कळवावे. त्याने तीही वाचून घेतली आणि अर्ज घेऊन तो कार्यालयाकडे गेला.