हमिंगबर्डचा रंग

जास्वंदीच्या फुलाशी लोंबकळणारा चिमुकला, चकाकता पक्षी पाहून आपल्याकडे पुष्कळजण त्याला हमिंगबर्ड म्हणतात. तो शिंजीर होय. खरा हमिंगबर्ड आज केवळ अमेरिकेच्या दोन खंडांत व तेथील बेटांवर आढळतो. दोघांचे नाते जवळचे नाही. मात्र मोरपिसाप्रमाणेच दोघांच्या पिसांची झळाळी ही प्रकाशाची करामत आहे. हमिंगबर्डच्या पिसात कृष्णद्रव्याच्या सूक्ष्म चकत्यांचे थर असतात आणि त्या चकत्यांत हवेचे बुडबुडे असतात. त्यांवरून परतणारे किरण एकमेकांत मिसळून काही रंग बळावतात, काही लोपतात. म्हणूनच माणकासारखा लाल दिसणारा गळा मान किंचित वळताच काळा पडतो. अशा पक्ष्याचा कोणत्या क्षणीचा रंग खरा मानावयाचा?

लंडनच्या जॉन गूल्डपुढे हाच पेच होता. हमिंगबर्डांवरील त्याचा भव्य ग्रंथ 1849 ते 1861 या काळात भागाभागाने निघाला. त्यातील चित्रांत सोन्याचा वर्ख लावून त्यावर पारदर्शक रंग चढविले होते. 1851 साली त्याने लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पेंढा भरलेले हमिंगबर्ड मांडले, तेव्हा लोकांची रीघ लागली. पण जिवंत हमिंगबर्ड त्याने प्रथम पाहिला तो 1857 मध्ये, अमेरिकेतील फिलाडेल्फियास! तोवर ग्रंथाचा बराचसा भाग छापून झाला होता. तरीही गूल्डला हसणे मला रुचत नाही. वर्खाचे पान दिव्याजवळ हलविले, की चमक बदलते; छापील छायाचित्रास एवढेही साधत नाही.

छायाचित्रकारांची पहिली अडचण मात्र रंगाची नव्हती, वेगाची होती. पंख सेकंदास 50 वेळा हलतात असे धरले, तर सेकंदाच्या 1/1000 भागातही ते आपल्या फेऱ्याचा विसावा हिस्सा कापतात आणि चित्रात नुसते धुके उरते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील हॅरल्ड एजर्टन यांनी साठविलेली वीज वायूच्या नळीतून एकदम सोडून अतिशय अल्पकाळाचा फ्लॅश सिद्ध केला. परिसर पुरेसा अंधारा असेल, तर चित्र उमटते ते त्या झोताच्या क्षणापुरतेच. त्यांची हमिंगबर्डची छायाचित्रे 1947 साली 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकात आली.

हे तंत्र रंगापर्यंत नेले ते क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट यांनी. हे गृहस्थ ड्यू पाँट या प्रचंड रसायन कंपनीचे अध्यक्ष. डिसेंबर 1942 मध्ये शिकागो येथे पहिली अणुभट्टी कार्यान्वित झाली, तेव्हा तेथे हजर असलेल्यांपैकी एक. फावल्या वेळात त्यांनी फ्लॅशची अवजड सामग्री घेऊन दूरदूरच्या देशांत हमिंगबर्डांचा माग काढला. 1960 साली त्यांचा 'हमिंगबर्ड्स' हा ग्रंथ निघाला. परंतु मला अधिक मोलाचे वाटते ते निराळेच. त्याच वर्षी दोन सहकाऱ्यांसह त्यांनी पिसांवरील संशोधनही प्रसिद्ध केले. आरंभी सांगितलेल्या चकत्या व बुडबुडे यांचा त्यात उलगडा आहे. चित्रात रंग का येतो व का नाहीसा होतो, हे चित्र घेणाऱ्यानेच शोधून काढले.

त्या ज्ञानाचा उपयोग आजच्या छायाचित्रकारास पदोपदी होतो. फ्लॅश कॅमेऱ्याच्या जवळ ठेवला, की समोर वळलेला गळा पेटून उठतो. तोच बाजूस नेला, की विझतो. शिवाय लहान फ्लॅशची शक्ती कमी केल्यास झोताचा काळ घटतो, पण पुष्कळदा प्रकाश किंचित निळसर होतो. म्हणून त्याच जागी, त्याच झोतात करड्या रंगाच्या पुठ्ठ्याचे एक चित्र घ्यावे आणि संगणकावर त्यावरून पांढरा रंग जुळवावा. माझ्या मते हात तेथेच आखडावा. काळा आलेला गळा कळ सरकवून लाल करणे आता क्षणाचे काम आहे; पण त्या कोनातून तो काळाच होता, ही माहिती त्याबरोबर पुसली जाते. पुढे ओळख पटविण्यासाठी तेच चित्र कोणी हाती घेतले, तर त्याला पक्षी दिसेल की संपादकाची आवड?

शिवाय ज्याच्यासाठी हा रंग आहे, त्याचा डोळा आपल्याहून वेगळा आहे. कोलोरॅडोत रानटी हमिंगबर्डांवर प्रयोग करून 2020 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले, की अतिनील किरण मिसळलेले रंगही ते ओळखतात. त्यांच्या नेत्रपटलात रंग जाणणाऱ्या पेशी चार प्रकारच्या. आपल्या डोळ्यांत तीन, आणि आपल्या कॅमेऱ्यातही रंग टिपले जातात ते तीनच.