मेदपेशीपटलावरील एका प्रथिनाची कुळकथा

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याच्या दक्षिणेकडील अवर्षणग्रस्त तालुक्यांत, जामखेड-पाथर्डीच्या बाजूस, ऐन उन्हाळ्यातही अंगणात फुललेली दिसते ती सदाफुली. तिची पाने मधुमेहावर चावून खाण्याचा घरगुती उपाय आपल्याकडे सर्वश्रुत आहे. त्याच्या गुणाचा निर्वाळा देण्याचा येथे हेतू नाही. उलट या वनस्पतीतील अल्कलॉइडे विषारी आहेत, हे सांगितलेलेच बरे. परंतु ही सदाफुली, तिच्याच कुळातील सर्पगंधा आणि मानवी मेदपेशीच्या पटलावर आढळलेले एक प्रथिन यांच्यात दूरचे नाते आहे, आणि त्या नात्यावाचून या प्रथिनाचा इतिहास नीट उमगत नाही.

सर्पगंधेच्या मुळीचा आधुनिक अभ्यास या देशातच सुरू झाला. 1931 मध्ये दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी व त्यांचे सहकारी यांनी तीतून अल्कलॉइडे वेगळी केली आणि त्यांतील एकास हकीम अजमलखान यांच्या स्मरणार्थ अजमलिन हे नाव दिले. 1949 मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरील या मुळीचे अनुभव ब्रिटिश हृद्रोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केले, तेव्हा पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिकडे वेधले गेले. पुढे 1952 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तीतून रेसर्पिन हाती आले. सदाफुलीची गोष्ट थोडी निराळी आहे. कॅनडात नोबल व बीअर यांनी तिची परीक्षा केली ती मधुमेहावरील तिच्या लौकिकामुळे. आढळले ते असे, की तिच्या अर्काने रक्तातील श्वेतपेशी घटतात. 1958 साली व्हिंब्लास्टिन हे कर्करोगावरील औषध त्यातून पुढे आले.

या दोन वनस्पती इतकी विविध अल्कलॉइडे कशी घडवितात, हा रसायनशास्त्रज्ञांपुढील पुढचा प्रश्न होता. जर्मनीत स्टॉकिग्ट व झेंक यांनी 1977 मध्ये दाखविले, की या सर्वांचा उगम स्ट्रिक्टोसिडिन नावाच्या एका रेणूत आहे. ट्रिप्टामिन आणि सेकोलोगॅनिन यांचा संयोग घडवून हा रेणू तयार करणारे जे एंझाइम, ते स्ट्रिक्टोसिडिन सिंथेज होय. 1988 मध्ये सर्पगंधेतील या एंझाइमाचे जनुक एशेरिकिया कोलाय या जंतूत घालून ते एंझाइम त्याच्याकडून तयार करवून घेण्यात आले. मानवी इन्सुलिन याच मार्गाने 1982 मध्ये बाजारात आले होते. आता वनस्पतीचे एंझाइमही जंतूच्या पोटी जन्मले.

यानंतर कथा मानवी शरीराकडे वळते. मेदपेशी अपक्व अवस्थेतून पक्व होत असता कोणकोणती जनुके जागी होतात याचा शोध घेताना 2001 मध्ये एका अपरिचित प्रथिनाचे वर्णन झाले. त्याच्या जनुकाला तोवर स्वतःचे नावही नव्हते. विसाव्या गुणसूत्रावरील एक क्रमांक एवढीच त्याची ओळख. प्रथिनात 416 ॲमिनो आम्ले. त्यांपैकी सुमारे वीसांचा एक पट्टा पेशीपटलात रोवलेला, आरंभीचा लहान भाग पेशीच्या आत आणि उरलेला मोठा भाग बाहेर. या बाहेरील भागातील ॲमिनो आम्लांचा क्रम ताडून पाहता तो चक्क स्ट्रिक्टोसिडिन सिंथेजशी जुळता निघाला. 2006 मध्ये सर्पगंधेच्या एंझाइमाची त्रिमितीय रचना उलगडली. ती सहा पात्यांच्या पंख्यासारखी आहे, आणि मानवी प्रथिनाची घडणही तशीच मानली जाते. मात्र आकारसाम्यावरून कार्यसाम्य काढण्याची घाई करू नये. मनुष्यदेहात सेकोलोगॅनिन तयार होतच नाही. मग स्ट्रिक्टोसिडिन कोठून होणार? एकाच वाड्यातून बाहेर पडलेल्या दोन भावांनी निरनिराळे धंदे धरावेत, तसा हा प्रकार आहे.

2008 मध्ये हे मानवी प्रथिन फेनिल ॲसिटेटासारख्या एस्टरांचे विघटन करते असे दिसून आले. 2010 मध्ये उंदराच्या मेदपूर्वपेशींत त्याचे जनुक दाबून पाहता त्या पेशी नीटशा पक्व होईनात. तेव्हा ‘मेदपेशीपटलाशी संलग्न प्रथिन’ हे नाव अगदी सार्थ वाटू लागले. परंतु 2015 मध्ये हेच प्रथिन मेंदूत अमायलॉइड-बीटाची निर्मिती आवरते असा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, आणि नाव कार्यावरून नव्हे तर प्रथम भेटीच्या स्थळावरून पडले होते, हे उघड झाले. यकृतातही ते आहेच. प्रस्तुत लेखकाच्या मते या नावाने विद्यार्थ्यांची बरीच दिशाभूल होते.

पुनःसंयोजित पद्धतीने तयार केलेले हे प्रथिन आज प्रयोगशाळांना लहान कुप्यांतून मिळते. कुपीत बहुधा पेशीबाहेरील भागच असतो. पटलात रोवणारा पट्टा विरघळण्यास अडचण करतो म्हणून तो गाळलेला असतो, आणि शुद्धीकरणाच्या सोयीसाठी टोकास हिस्टिडिनांची शेपटी जोडलेली असते. जंतूत तयार केलेल्या प्रथिनावर मानवी पेशीतल्यासारखी शर्करा-शृंखलाही चढत नाही. प्रतिपिंड तपासण्यास असे प्रथिन पुरेसे ठरेल. त्याच्या एंझाइम-क्रियेचे मोजमाप करताना मात्र ही उणीव हिशेबात धरावीच लागते.

हा केवळ परदेशी प्रयोगशाळांचा विषय नव्हे. पुण्याजवळील सहा खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी मातृपोषणाचा अभ्यास केला आणि नवजात बालकांविषयीचे त्याचे निष्कर्ष 2003 मध्ये प्रसिद्ध झाले. तेथील बालकांचे सरासरी वजन 2.7 किलोग्रॅम, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे 3.5. स्नायू, पोटाचा घेर यांत आपली बालके बरीच मागे. खांद्याच्या पात्याखालील त्वचेच्या घडीत मात्र फारशी उणी नाहीत. म्हणजे कृश देहातही मेद टिकून राहिला. घडीची जाडी मोजणाऱ्या कॅलिपरला मेदाची जाडी कळते. त्या मेदातील पेशी किती, आणि त्या कशा पक्व झाल्या, हे त्यास कळत नाही. तो प्रश्न पेशीपटलाशी जाऊन भिडतो. अशा अभ्यासासाठी ही कुपी हाती घेणाऱ्याने आपल्या नोंदवहीत प्रथिनाच्या नावासोबत तीन गोष्टी अवश्य टिपाव्यात: कोणत्या जीवात ते तयार झाले, 416 पैकी कोणता भाग त्यात आहे, आणि शेपटी काढली की ठेवली.